तीन चढणी, एक हिशेब

मुंबईची उपनगरे नकाशावर सपाट दिसतात. पायांना मात्र ती कधीच सपाट वाटत नाहीत. अंधेरीला फलाट बदलायचा तर पूल चढावा लागतो, घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रो गाठायची तर जिने चढावे लागतात, आणि मुलुंडच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे जायचे तर लिफ्टच नसते. वय वाढते तशी आपण माणसांची आणि ठिकाणांची गणती अंतराने न करता पायऱ्यांनी करू लागतो. ‘तिथे किती चढायचे आहे?’ हा प्रश्न आधी येतो, ‘तिथे कोण आहे?’ हा नंतर.

या प्रश्नाला घरात दोन उत्तरे मिळतात. ‘आता तुम्हाला नाही जमायचे, तुम्ही घरीच थांबा,’ हे एक. ‘चला, चला, थोडेच राहिले आहे,’ हे दुसरे. दोन्ही प्रेमापोटीच दिलेली असतात. पण पहिल्याने पायांतले बळ न वापरताच आटते आणि दुसऱ्याने ते एका दमात संपते. तुमच्यापुढे तिसरे उत्तर ठेवावे, म्हणून हा लेख. त्यासाठी याच उपनगरांतील तीन चढणी आपण पाहणार आहोत: एका मिनिटाची, पाव तासाची आणि अर्ध्या दिवसाची.

फळ्यावरचा व्यायाम

अंधेरी-बोरिवली भागातील अनेक व्यायामशाळांत हल्ली ‘फंक्शनल फिटनेस’ नावाचा प्रकार चालतो. भिंतीवरच्या फळ्यावर दिवसाचा व्यायाम लिहिलेला असतो: इतक्या उठाबशा, खोक्यावर इतक्या वेळा चढ-उतार, दोन्ही हातांत वजन घेऊन इतके मीटर चालणे. नातवंडे हे करून घामाघूम होऊन घरी येतात आणि आपल्याला ते परक्या जगातले वाटते. वस्तुतः त्यातली एकही हालचाल परकी नाही. उठाबस म्हणजे खुर्चीतून उठणे. खोक्यावर चढणे म्हणजे बसची पायरी. दोन हातांत वजन घेऊन चालण्याला तिकडे ‘शेतकऱ्याची चाल’ म्हणतात. आपण तिला बाजारातून भाजीच्या पिशव्या आणणे म्हणतो.

मात्र त्या फळ्यावर हालचालींखेरीज आणखी एक गोष्ट लिहिलेली असते, आणि आपल्याला शिकण्याजोगी तीच आहे: कामाची वेळेशी सांगड. कधी ठरलेले काम कमीत कमी वेळात संपवायचे असते. कधी दर मिनिटाच्या सुरुवातीस ठरावीक काम करायचे आणि मिनिटाचा उरलेला भाग विश्रांतीचा असतो. कधी लांब वेळ दिलेली असते आणि तेवढा वेळ पुरेल अशा बेताने चालत राहायचे असते. जाणता प्रशिक्षक या तिन्हींसाठी वेगळी चाल सांगतो. कामाचा प्रकार ओळखल्याशिवाय वेग ठरवू नये, हा त्याचा पहिला धडा असतो.

यामागचे गणित सोपे आहे. साठ किलो वजनाची व्यक्ती 15 सेंटिमीटर उंचीच्या साठ पायऱ्या चढते, तेव्हा ती स्वतःचे शरीर नऊ मीटर वर उचलते. ती एका मिनिटात चढली काय किंवा तीन मिनिटांत, उचलण्याचे काम तेवढेच. पण एका मिनिटात चढताना हृदयाला आणि स्नायूंना दर सेकंदाला तिप्पट काम द्यावे लागते. पायऱ्या जिना ठरवतो. त्या किती वेळात चढायच्या हे आपण ठरवतो. व्यायामाची तीव्रता म्हणतात ती या दुसऱ्या निर्णयावरच मुख्यतः अवलंबून असते. हातात पाच किलोची पिशवी असेल तर कामही सुमारे आठ टक्क्यांनी वाढते, हेही ध्यानात असू द्या.

पहिली चढण: स्टेशनचा पूल

रेल्वेचा पूल हा ‘कमीत कमी वेळात’ या प्रकारचा व्यायाम आहे, आणि तो आपण निवडलेला नसतो. तुम्ही शांतपणे उभे असता, तेवढ्यात गाडी दुसऱ्या फलाटावर येत असल्याची घोषणा होते. गर्दी वळते, तुम्हीही वळता. एका हाताने पिशवी सावरत, श्वास रोखून, मागच्यांचा रेटा सोसत आपण वर पोहोचतो.

येथे एक फसवी गोष्ट घडते. पहिल्या काही सेकंदांचे काम स्नायू आपल्याजवळच्या साठ्यावर भागवतात. हृदय आणि फुप्फुसे नव्या मागणीशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटे घेतात. उतारवयात हा वेळ आणखी वाढतो. त्यामुळे निम्म्या जिन्यापर्यंत ‘काही विशेष नाही’ असे वाटते, आणि खरी धाप पूल चढून झाल्यावर, सपाटीवर लागते. तोवर आपण पुढचा जिना उतरू लागलेले असतो. धाप उशिरा येते, म्हणून ती येण्याची वाट पाहून वेग कमी करणे उपयोगाचे नाही. वेग पहिल्या पायरीपासूनच कमी हवा.

म्हणून पुलासाठी नियम तीन. कठड्याची बाजू धरा, म्हणजे रेटा अंगावर येणार नाही. श्वास रोखू नका; पिशवी उचलताना आणि पाऊल टाकताना श्वास सोडा, कारण रोखलेल्या श्वासासरशी रक्तदाब एकदम चढतो. आणि जिना जिथे सपाट टप्प्याशी थांबतो, तिथे धाप नसली तरी चार श्वास थांबा. सरकता जिना वा लिफ्ट असेल तर ती खुशाल वापरा. चढण्याचा सराव गर्दीत आणि घाईत करायचा नसतो. एक गाडी सुटली तर दुसरी काही मिनिटांत येते. उपनगरात राहण्याचे हे सुख आपणच विसरतो.

दुसरी चढण: गिल्बर्ट हिल

अंधेरी पश्चिमेच्या दाट वस्तीतून अचानक एक काळा उभा कडा वर येतो. हीच गिल्बर्ट हिल. सुमारे 200 फूट, म्हणजे 61 मीटर उंचीचा हा बेसॉल्टचा सुळका सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. थंड होताना आकसलेल्या खडकाचे उभे स्तंभ त्याच्या अंगावर आजही स्पष्ट दिसतात. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे, छोटी बाग आहे, आणि वर जायला खडकात काढलेला खडा जिना.

एकसष्ट मीटर म्हणजे साधारण वीस मजले. सारी उंची पायऱ्यांनी चढावी लागत नसली, तरी ही चढण पुलासारखी एका दमाची नव्हे. येथे ‘दर मिनिटाला ठरावीक काम’ ही रीत चालते. घड्याळ पाहा. मिनिट सुरू झाले की दहा ते पंधरा पायऱ्या चढा आणि थांबा, कितीही जोर वाटत असला तरी. उरलेले अर्धे मिनिट उभे राहा, खाली पसरलेली अंधेरी पाहा, मग पुढचे मिनिट. यातील खरी अडचण पायांची नसून मनाची आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत थांबणे हास्यास्पद वाटते. पाचव्या-सहाव्या फेरीत त्याचे मोल कळते, कारण तेव्हाही तुम्ही पहिल्या फेरीसारखेच चढत असता, आणि शेजारून झपाझप गेलेला तरुण एखाद्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभा असतो.

दम लागल्यावर घेतलेली विश्रांती आणि दम लागण्याआधी घेतलेली विश्रांती, यांत फार फरक आहे. पहिलीत शरीर तूट भरून काढते, आणि वय जास्त तितकी ती भरायला वेळ लागतो. दुसरीत तूट पडतच नाही. थोडक्यात, विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे, व्यायामातला खंड नव्हे.

आपण योग्य वेगाने चढत आहोत की नाही, हे ओळखायला नाडी मोजण्यापेक्षा जीभ बरी. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर श्रम मध्यम आहेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ते तीव्र झाले. शब्दच फुटत नसेल तर थांबा. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी तर हीच कसोटी लावावी, कारण त्या गोळ्या नाडीची गती वाढू देत नाहीत आणि मनगटावरचे घड्याळ ‘सर्व ठीक’ असे दाखवत राहते.

तिसरी चढण: कान्हेरी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार स्टेशनपासून जवळ आहे. शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिक असे हे रान; त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत. एका अंगाला बोरिवली तर दुसऱ्या अंगाला मुलुंड. दारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. तो रस्ता बसने जावा, हे या लेखाचे स्पष्ट मत आहे. शक्तीची थैली एकच असते. ती डांबरी रस्त्यावर रिकामी केली तर लेण्यांत द्यायला काही उरत नाही. उद्यान सोमवारी बंद असते, हे निघण्याआधी आठवावे.

काळ्या डोंगरावरची, म्हणजे कृष्णगिरीवरची, ती कान्हेरी. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत ती कोरली जात होती. तीन क्रमांकाचे चैत्यगृह, त्याच्या ओसरीतील सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती, पुढे अकरा क्रमांकाची ‘दरबार’ लेणी, आणि मग डोंगरभर वर-वर विखुरलेले लहान विहार. या सर्वांना जोडणाऱ्या पायऱ्या खडकातच खोदल्या आहेत. त्या एकसारख्या नाहीत. एखादी वीतभर, एखादी गुडघ्याच्या निम्म्याला येणारी, काही झिजून उताराच्या झालेल्या.

पायरी एकसारखी नसली की पाय आणि मेंदू दोघांनाही काम पडते. प्रत्येक पावलाची उंची नव्याने मोजावी लागते, तोल नव्याने सावरावा लागतो. जिममधील खोक्यावर शंभर वेळा चढणाऱ्यालाही कान्हेरीत पोटऱ्यांची जाणीव होते, ती यामुळेच. येथे घड्याळाचा नियम अपुरा पडतो. येथे पुरवणीचा नियम हवा: निघताना जेवढी शक्ती आहे तिचे तीन भाग करा. एक चढायला, एक उतरायला, आणि एक शिल्लक राखायला. पहिला भाग संपला की मागे फिरा, मग तुम्ही डोंगरावर कुठेही असा.

सुदैवाने कान्हेरीची रचनाच टप्प्यांची आहे. चैत्यगृह प्रवेशाजवळ आहे. तेवढेच पाहून परतलात तरी कान्हेरीतले सर्वांत भव्य लेणे पाहिलेत. तिथे पोहोचून पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर दरबार लेणीपर्यंत जावे. तिथेही तसेच वाटले, गुडघे कुरकुरत नसले, तरच वरची वाट धरावी. जिममध्ये याला व्यायाम ‘आपल्या मापाचा करणे’ म्हणतात, आणि चांगल्या जागी त्यात कमीपणा मानत नाहीत.

चढताना एक गोष्ट नजरेत भरेल. बहुतेक विहारांच्या ओसरीत दगडाचा बाक आहे आणि दाराशी पाण्याचे टाके. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कल्याणसारख्या बंदरांतील व्यापाऱ्यांनी ती दान दिल्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्यात भिक्षू येथे मुक्काम करीत. हा डोंगर त्यांना रोज चढावा-उतरावा लागे. ज्यांना ही वाट रोजची होती, त्यांनी ठिकठिकाणी बसायची जागा आणि प्यायचे पाणी आधीच खोदून ठेवले. आज ते टाक्यातले पाणी पिऊ नये आणि जिथे मनाई आहे तिथे बसू नये. पण त्या योजनेतला शहाणपणा घेऊन जायला हरकत नाही. तहान लागण्याआधी दोन घोट, थकण्याआधी बाक.

पाणी पाठीवरच्या पिशवीत असावे, म्हणजे दोन्ही हात कठड्याला मोकळे राहतात. खाऊ बंद पिशवीत ठेवा. माकडांशी झटापट हा या व्यायामाचा भाग नव्हे. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच बरा. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करीत नाही. त्यामुळे त्याच पायऱ्या ऑक्टोबरच्या दुपारी कितीतरी जड होतात. पावसाळ्यातली कान्हेरी रम्य खरी, पण ओला, शेवाळलेला बेसॉल्ट ज्येष्ठांच्या पायांसाठी नाही.

उतरणीचा धडा

‘उतरायला काय लागते?’ असे म्हणणाऱ्याने उतरणीचा अर्धाच हिशेब केलेला असतो. उतरताना धाप कमी लागते, हे खरे. पण मांडीचे स्नायू तेव्हा ताणले जात असतानाच भार तोलून धरतात, आणि या प्रकारच्या कामाने ते अधिक दुखावतात. म्हणून दुखणे त्या रात्री नसते. एक-दोन दिवसांनी, पलंगावरून उठताना ते कळते. गुडघ्याच्या वाटीवरचा भारही उतरताना वाढतो. शिवाय पडण्याची भीती चढण्यापेक्षा उतरण्यात अधिक, कारण पाय थकलेले असतात आणि मन ‘संपले’ म्हणून सैल झालेले असते.

उतरताना पाऊल आडवे, म्हणजे थोडे तिरके ठेवा. एक गुडघा दुखरा असेल तर उतरताना तो आधी खाली टाका आणि चढताना चांगला पाय आधी वर. चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. मान थोडी झुकवून वरच्या भिंगातून पाहा. खाली पोहोचल्यावर लगेच बाकावर कोसळू नका. दोन-तीन मिनिटे संथ फिरत राहा, नाहीतर पायांत साठलेल्या रक्तामुळे भोवळ येऊ शकते.

सोबत जाणाऱ्यांसाठी

मुलांनो, सुनांनो, घरी मदतीला येणाऱ्या ताई-दादांनो, हा भाग तुमचा. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा आणि तोच पुढे असावा. पुढे जाऊन वळणावर वाट पाहत थांबणे ही मदत नव्हे, कारण आजोबा तिथे पोहोचतात तेव्हा तुमची विश्रांती झालेली असते आणि त्यांची सुरू होण्याआधी तुम्ही निघता. चढताना त्यांच्या एक पायरी खाली, मागे राहा. उतरताना एक पायरी खाली, पुढे. दोन्ही वेळा तुम्ही खालच्या बाजूलाच. दंड धरून ओढू नका. तुमचा हात पुढे करा, तो त्यांना धरू द्या.

बोलत राहा, म्हणजे श्वासाची परीक्षा आपोआप होते. मात्र ‘दमलात का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर आपल्याकडची वडीलधारी माणसे नेहमी ‘छे’ असेच देतात. ‘आई, ही मूर्ती कोणाची असेल?’ असे विचारा आणि उत्तर किती तुकड्यांत येते ते ऐका. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या चालू असतील तर साखर जवळ ठेवा. छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ, घेरी, गार घाम, किंवा काही मिनिटे बसूनही न शमणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर चढण तिथेच संपली. बसवा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा वारंवार तोल जाणे असेल तर बेत आखण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यकच.

तयारी घरची

कान्हेरीची तयारी घरातल्या खुर्चीपासून होते. हात छातीशी बांधून, खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकलेली असू द्या आणि जवळ कोणीतरी असू द्या. 70 ते 74 वयाच्या पुरुषांना 12 पेक्षा आणि स्त्रियांना 10 पेक्षा कमी वेळा जमले तर पायांचे बळ सरासरीहून कमी आणि पडण्याचा धोका अधिक समजतात. आकडा कमी आला म्हणून खिन्न होऊ नका. हाच व्यायाम रोज, जमेल तेवढा केला की तो वाढतो.

चालण्यासाठी जपानमधील मात्सुमोतो येथील संशोधकांची रीत उपयोगी आहे. त्यांनी मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना तीन मिनिटे जोराने, तीन मिनिटे सावकाश, अशा पाच किंवा अधिक फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस चालायला लावले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, एकाच संथ चालीने चालणाऱ्यांपेक्षा या मंडळींच्या मांड्यांचे बळ अधिक वाढले आणि रक्तदाब अधिक उतरला. तीव्र व्यायाम ज्येष्ठांसाठी वर्ज्य नाही. तो तुकड्यांत घ्यावा, एवढेच. तुम्ही दोन फेऱ्यांनी सुरुवात करा आणि ‘जोराने’चा अर्थ आपल्याच चालीच्या मानाने लावा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम, दोन दिवस बळाचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सुचवते. इमारतीचा जिना, भाजीची हलकी पिशवी आणि स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर उभे राहणे, यांत हे तिन्ही जवळजवळ सामावते.

काही आठवड्यांनी पूल सुसह्य वाटू लागला, की एखाद्या सकाळी गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी जा. हिवाळा आला की कान्हेरीचा बेत करा. माथा गाठायचाच, असे ठरवून निघू नका. चैत्यगृहाच्या ओसरीत उभे राहून त्या उंच बुद्धमूर्तींकडे मान वर करून पाहाल, तेव्हा परतीपुरते बळ पायांत शिल्लक असेल, तर तुमचा हिशेब बरोबर जमला. उरलेली लेणी दोन हजार वर्षे तिथेच आहेत. पुढच्या खेपेपर्यंत ती थांबतील.